डाव्या बाजूची रेघ

मला लिहायची सवय नाही. जन्मभर गाड्यांच्या सीटा शिवल्या. सुईदोऱ्याने जे जमतं ते पेनाने जमेलच असं नाही, म्हणून बरेच दिवस टाळत होतो. पण ज्याच्याबद्दल लिहितोय तो स्वतःबद्दल चार वाक्यं सलग बोलणारा नाही, आणि त्याच्या भावाला विचाराल तर तो चहा मागवून विषय बदलेल. राहिलो मी. त्या वर्कशॉपमध्ये माझी शिलाईची जागा त्याच्या जागेला लागून होती, मध्ये फक्त छातीएवढी पत्र्याची भिंत. माझं काही चुकलं असेल तर ते जवळून बघणाऱ्याचं चुकलं असं समजावं.

तो डेंटर. ठोकलेल्या, चेपलेल्या गाड्यांचा पत्रा पुन्हा होता तसा करणारा. वर्कशॉप त्याच्या वडिलांनी सुरू केलं आणि ते गेल्यावर थोरल्या भावाकडे आलं. थोरल्याला सगळे दादा म्हणत. याला म्हणत ट्यूब, म्हणजे ट्यूबलाइट. एक तर विनोद झाला की सगळ्यांचं हसून झाल्यावर हा हसायचा. आणि दुसरं कारण त्याच्या कामात होतं. पत्रा ठोकून झाला की तो त्यावर बादलीभर पाणी ओतायचा, वरची ट्यूबलाइट लावायचा, आणि वाकून त्या ओल्या पत्र्यात पडलेलं तिचं प्रतिबिंब बघायचा. पत्रा चांगला झाला असेल तर ती पांढरी रेघ पाण्यासारखी सरळ वाहते. नखाएवढा खड्डा राहिला तरी तिथे ती थरथरते. थोड्याफार फरकाने सगळेच डेंटर असं करतात, पण बाकीचे एकदा बघतात आणि पुढच्या कामाला लागतात. हा बघत बसायचा.

"केस विंचरतोस का रे आरशात?" दादा विचारायचा.

"रेघ अडखळते," हा म्हणायचा. तेवढंच.

त्या वर्कशॉपमध्ये वडिलांच्या वेळची एक रीत होती. जिथे काम बाकी आहे तिथे डेंटरने खडूने गोल काढायचा. काम झालं की गोल ज्याचा त्याने पुसायचा. सगळे गोल पुसून डेंटरने तोंडाने 'झालं' म्हटलं की मगच पेंटर गाडीला हात लावणार. दुसऱ्याचा खडू कुणी पुसायचा नाही, मालकानेसुद्धा नाही. पूर्वी एका पेंटरने घाईघाईत दुसऱ्याचा खडू पुसला आणि वडिलांनी त्याला त्याच दुपारी डबा हातात देऊन घरी पाठवलं, असं सांगत. खरं-खोटं कोण जाणे, पण नवीन आलेल्या माणसाला आधी ही गोष्ट ऐकवत आणि मग हातोडी देत.

ट्यूबची बायको शिवणकाम शिकलेली होती. हात इतका नेमका की एका तयार कपड्यांच्या कारखान्यात तिला कापणी विभागाची प्रमुख म्हणून बोलावणं आलं. कारखाना दुसऱ्या शहरात, चार-पाच तासांच्या प्रवासावर. राहायला दोन खोल्या मिळणार होत्या, मुलीला जवळच शाळा. त्याच शहरात बसगाड्यांची बॉडी बांधणारं एक मोठं वर्कशॉप होतं. तिने तिथे जाऊन नवऱ्याबद्दल सांगून ठेवलं, आणि तिथले लोक या म्हणाले. म्हणजे सगळं जुळून आलं होतं. ट्यूबला लग्नानंतर पहिल्यांदाच भावाच्या छपराबाहेर पडायची वाट दिसत होती, आणि तो खुशीत होता. तो खुशीत असला की मडगार्डावर हळूच बोटांनी ताल धरायचा. त्या दिवसांत माझ्या भिंतीपलीकडून सारखा तो ताल ऐकू यायचा.

दादाने अडवलं नाही. फक्त म्हणाला, "एवढी हिरवी गाडी संपव आणि जा. तिला दुसरा कुणी हात लावेल असं मला वाटत नाही." ट्यूबने शब्द दिला. बायको मुलीला घेऊन पुढे गेली, भाड्याचं घर सोडलं, सामान गेलं, आणि हा एक ट्रंक घेऊन वर्कशॉपच्या माळ्यावर राहायला आला. माळ्यावर ताठ उभं राहता येत नसे. ट्रंक भरून कुलूप लावून ठेवलेली. रोज सकाळी कुलूप काढून शर्ट घ्यायचा आणि परत कुलूप लावायचा. मी एकदा म्हटलं, अरे, चार शर्ट खुंटीला टांग. तो म्हणाला, "टांगले की राहिल्यासारखं होतं, काका."

आता त्या हिरव्या गाडीबद्दल. ती दुसऱ्या गाडीच्या मागे दोरीने बांधून आली, गंजलेली, एका दिव्याने आंधळी. एका म्हाताऱ्या सुईणबाईंची गाडी. यजमान गेलेले, गाडी कित्येक वर्षं झाकून ठेवलेली. बाई तोंडाने फटकळ होत्या. पहिल्याच दिवशी दादाला म्हणाल्या, "हिच्यात बसून मी बाळंतपणाला धावलेय. ही नसती तर अर्धं गाव रस्त्यात जन्मलं असतं. तेव्हा हिच्याशी जरा आदराने वागा."

त्या गाडीत काय होतं ते मला सांगता येईल की नाही, शंका आहे. आमच्याकडे येणाऱ्या नव्या गाड्यांच्या चेहऱ्यावर राग असतो. दिवे बारीक, कपाळावर आठ्या. ही गाडी नुकतीच जेवून उठल्यासारखी समाधानी दिसायची. दिवे गोल, मोठे, जरा दूर दूर बसवलेले. दिव्याच्या मागून मडगार्डाचा फुगवटा उठायचा, चाकावरून जायचा, आणि मडगार्ड संपलं तरी तो संपायचा नाही. दरवाजावरून हळूहळू उतरत मागच्या चाकाच्या अलीकडे कुठेतरी विरायचा. कुठे विरला ते बोट ठेवून दाखवता यायचं नाही. छप्पर उपड्या वाडग्यासारखं. मागची काच एवढीशी. चकाकणारी पट्टी जिथे नजर थांबायला हवी तेवढ्यापुरतीच, एक वीत इकडे नाही की तिकडे नाही. सगळ्या अंगावर एकही टोकदार कडा नव्हती, आणि तरी गाडी लिबलिबीत दिसत नव्हती. गंजलेली असूनही रस्त्याने जाणारे लोक दारात थांबायचे. कुणी काही विचारायचं नाही. एखादा उगाच हात पुढे करायचा आणि मागे घ्यायचा.

ट्यूबने पहिला दिवस हत्यार उचललंच नाही. हाताखाली जुनं सुती फडकं धरून तो गाडीच्या अंगावरून हात फिरवत राहिला. मध्ये फडकं असलं की हाताला जास्त कळतं, असं त्याचं म्हणणं. मला पटत नव्हतं. कुणी नसताना मी करून पाहिलं, तर खरंच निघालं.

डावं पुढचं मडगार्ड खालून पार खाल्लं गेलं होतं, त्यामुळे नवीन करण्यावाचून इलाज नव्हता. चांगली बाजू बघून खराब बाजू करायची, हे डेंटरला पहिल्या दिवसापासून शिकवतात. त्याने उजव्या मडगार्डाचे पुठ्ठ्याचे साचे काढले, उलटे करून डावीकडे लावले, आणि वाळूच्या पिशवीवर पत्रा ठेवून लाकडी मोगरीने ठोकायला सुरुवात केली. वाळूवर पत्रा ठोकतानाचा आवाज भरल्या पोत्यावर थाप मारावी तसा असतो. त्या आवाजावर माझी शिलाई छान चालायची. साध्या पत्र्यातून ते मडगार्ड असं उगवत होतं की दादासुद्धा गिऱ्हाईक सोडून बघायला यायचा.

मडगार्ड बसलं. साचा लावला, केसभर फरक नाही. पाणी ओतलं, ट्यूबलाइट लागली, आम्ही सगळे वाकलो. दादा म्हणाला, "वा." पेंटर म्हणाला, "वा." मीही म्हणालो.  ट्यूबने खिशातून खडू काढला आणि मडगार्डाच्या मागच्या बाजूला, दरवाजाच्या जवळ, एक गोल काढला.

तिथून सगळं अडलं.

त्याने तो भाग सारखा केला, परत ओतलं, परत बघितलं, परत गोल. मग मडगार्डच काढून टाकलं आणि दुसरं केलं. दुसऱ्यावरही गोल आला. माप चुकत नव्हतं आणि डोळ्याला पटत नव्हतं. काय पटत नाही ते त्यालाही सांगता येईना. "पोचते, पण बळेच पोचते," एवढंच म्हणायचा. आम्हाला तर ती रेघ चांगली गुळगुळीत दिसायची. बाईंना बोलावून दाखवलं, त्या म्हणाल्या मला चालेल, द्या रंगवायला. दादाने ते त्याला सांगितलं.

"बाईंना चालतंय रे."

"गाडीला चालत नाही," ट्यूब म्हणाला.

बाई पुढेही येत राहिल्या. डबड्यावर बसायच्या आणि म्हणायच्या, "मी हिच्या आधी जाणार असं दिसतंय. निदान मला पोचवायला तरी हिलाच काढा." तो हसायचा, जरा उशिरा.

सगळ्यांत वाईट हे की त्याला बांधून ठेवलं आहे असं म्हणता यावं असा कुणी नव्हता. दार सताड उघडं होतं. खडू त्याचा होता, फडकं त्याचं होतं. एक हात फिरवायचा, एक शब्द बोलायचा आणि संध्याकाळची बस धरायची. तो तिथेच, त्या गाडीच्या डाव्या बाजूला, स्टुलावर बसलेला असायचा. माळ्यावरून खाली येणाऱ्या लाकडी जिन्याच्या फटीतूनही तीच बाजू दिसायची. जेवताना तो गाडीकडे पाठ करून बसायचा, आणि दोन घास झाले की मान वळवायचा. दादा मधल्या वेळात त्याच्यापुढे इतर कामं सरकवायचा, कुणाच्या स्कूटरचा पत्रा, कुणाचा दरवाजा. ती तो बघता बघता हातावेगळी करायचा. मला कधी कधी वाटे, दादाला ही हिरवी गाडी संपायची घाई नाही. पण असं वाटणं चूकही असेल. लहानपणी वडिलांनी दोघांना एकच हातोडी दिली होती, पाळीपाळीने वापरायला. दादाचा हात तेव्हाच बसला नाही. धाकटा गेला की या छपराखाली नुसती पाटी राहील, हे त्याला कळत असणार.

बायकोचे फोन यायचे. सुरुवातीला ती हसून विचारायची, नवी सवत कशी आहे. मग विचारायची, कधी. मग नुसतं मुलीच्या हातात फोन द्यायची. बसच्या वर्कशॉपवालेही किती थांबणार. एकदा फोन ठेवून तो माझ्या भिंतीशी आला आणि म्हणाला, "काका, तुम्हाला खरंच काही दिसत नाही?" मी म्हटलं, माझे डोळे म्हातारे. तो म्हणाला, "बरं आहे."

शेवटी ती आली. मुलीला शेजारणीकडे ठेवून, सकाळच्या बसने, न कळवता. आली ती सरळ गाडीपाशी गेली. या घरात नांदलेली होती, खडूची रीत तिला माहीत होती. तिने पदर हाताला गुंडाळला आणि गोलाकडे हात नेला. पेंटर उभ्या जागी थिजला. दादा खुर्चीतून अर्धा उठला. माझं मशीन थांबलं होतं.

ट्यूब स्टुलावरून हलला नाही. "पुसायचं तर पूस," तो म्हणाला. "मी झालं म्हणेन, उद्या तुझ्याबरोबर निघेन. पण आधी एकदा बघून घे."

त्याने आधी उजव्या बाजूवर पाणी ओतलं आणि तिला वाकायला लावलं. रेघ दिव्यापासून निघाली आणि मागच्या चाकापर्यंत रिळावरून दोरा सुटावा तशी गेली. मग डाव्या बाजूवर ओतलं. ती वाकली. बराच वेळ वाकून राहिली. इकडे सरकली, तिकडे सरकली, एक डोळा मिटला. मीही भिंतीवरून वाकून बघत होतो, आणि त्या दिवशी मला पहिल्यांदा दिसलं. रेघ छान येत होती, आणि दरवाजाशी आल्यावर क्षणभर थांबत होती. पाहुणा उंबऱ्याशी येऊन आत जावं की नाही असा थबकतो, तशी. मग आत जात होती.

ती सरळ उभी राहिली. पदर सोडला. "दिसलं," ती म्हणाली. "न दिसतं तर बरं झालं असतं."

 त्याला ओढून न्यायला आलेली ती दुसरं स्टूल घेऊन नवऱ्याच्या शेजारी बसली, आणि आता दोघंही त्या बाजूकडे बघत होती. मला फार वाईट वाटलं. एकाच्या जागी दोघं अडकली असं वाटलं.

चहा झाल्यावर तिने विचारलं, हे केलं कसं. त्याने साचे दाखवले, उजव्याचे काढून उलटे लावले ते. ती साचा हातात घेऊन म्हणाली, "म्हणजे उजव्याचं माप डाव्याला? अहो, मी शर्ट असा कापला तर गिऱ्हाईक तोंडावर फेकेल. तुमचाच उजवा खांदा बघा, हातोडी मारून मारून खाली आलाय. तुमचा शर्ट दोन्हीकडे सारखा कापला की मानेशी चुणी पडते. दोन खांदे सारखे असलेला माणूस मी अजून मापलेला नाही."

"गाडी म्हणजे काय माणूस आहे?" दादा म्हणाला.

"माणसांनी केलेली तर आहे ना?" ती म्हणाली, आणि तिला बसची वेळ झाली म्हणून उठली. ट्यूब तिला स्टँडवर सोडून आला. काही समजल्याचं चिन्ह त्याच्या चेहऱ्यावर नव्हतं. येऊन त्याने एका स्कूटरचं काम उरकलं, हात धुतले, आणि मग हात पुसता पुसता मध्येच थांबला. फडकं तसंच धरून माझ्या भिंतीशी आला.

"काका, पुठ्ठा आहे का मोठा?"

दिला. त्याने या वेळी मडगार्ड सोडून दोन्ही दरवाज्यांचे साचे घेतले. दरवाज्यांकडे आजवर कुणी पाहिलंच नव्हतं, कारण ते मुळातले, न ठोकलेले, चांगले होते. दोन साचे एकमेकांवर ठेवले, तर डावा किंचित भरदार निघाला. चिमटीत धरता येईल एवढाच फरक, पण वरपासून खालपर्यंत.

तो हसायला लागला. एकटाच. "दोघं होते," तो म्हणाला. "ही गाडी हाताने ठोकलेली आहे. एक माणूस या बाजूला, एक त्या बाजूला. इकडचा सैल हाताचा होता. डावखुरा असेल. आणि मी त्याच्या दरवाजाला दुसऱ्याचं मडगार्ड लावत बसलोय."

मग त्याने मडगार्ड उलट बाजूने केलं, दरवाजापासून सुरू करून दिव्याकडे. उजवीकडे एकदाही पाहिलं नाही. दरवाजावर फडक्याखाली हात ठेवायचा, डोळे मिटायचा, मग मोगरी उचलायचा. त्या दिवसांत तो कुणाशी बोलत नसे, पण बोलत असल्यासारखा दिसे. त्या कधीच्या काळच्या, कुठल्या तरी कारखान्यातल्या डावखुऱ्या माणसाशी त्याचं बरं जमलं असावं. ते बसवून पाणी ओतलं तेव्हा रेघ दरवाजाशी थांबली नाही. गेली, आणि मागे कुठेतरी विरली. त्याने खिशातलं फडकं काढून सगळे गोल पुसले, एक एक, सावकाश, आणि 'झालं' म्हणाला. दादा दुसरीकडे बघत होता.

रंग झाला, मी सीटा बसवल्या. बाई आल्या, गाडीभोवती एक फेरी मारली, डाव्या बाजूला थांबल्या. "हो," त्या म्हणाल्या. "इकडून ही नेहमीच जरा बरी दिसायची." आणि पुढे काही फटकळ बोलायचं त्या विसरल्या.

दादाने शब्द पाळला. ट्रंक स्वतः उचलून स्टँडवर नेली. बसच्या वर्कशॉपमधली जागा अजून शिल्लक होती. ट्यूब गेला. मला वाटलं, गोष्ट चांगली संपली.

काही महिन्यांनी त्याच्या बायकोचा फोन आला, काका, एकदा येऊन जा. गेलो. दोन खोल्या नीटनेटक्या, खिडकीत मुलीचे कपडे वाळत घातलेले. तो मुलीला घेऊन भाजी आणायला गेला होता. मी विचारलं, काय बिघडलं? ती म्हणाली, काहीच नाही. वेळेवर जातो, वेळेवर येतो, मुलीचा अभ्यास घेतो, जेवणाला नावं ठेवत नाही. बसचं काम म्हणजे सपाट पत्रे, भोकं पाडायची आणि खिळवायचे. सगळ्या बस एकसारख्या. खाली उभ्या असतात त्या नव्या गाड्या तशाच, साबणाच्या वड्या. आधी तो खिडकीतून बघायचा तरी, आता बघत नाही.

"परवा मुलीच्या गालावरून हात फिरवत होते," ती म्हणाली. "फिरवतच राहिले. ती म्हणाली, बाबा, मला कुठे चेपलंय का?" आम्ही दोघंही हसलो. मग ती म्हणाली, "काका, तिथे ते अडकले होते तेव्हा मला ठाऊक होतं, कुठे अडकलेत. इथे मोकळे आहेत आणि मला सापडत नाहीत."

तेवढ्यात तो आला. पिशवी खाली ठेवून माझ्या पाया पडला, दादाची, पेंटरची चौकशी केली. तिने त्याच्यादेखतच मला सांगितलं, "जाताना यांना घेऊन जा."

"मी बरा आहे इथे," तो म्हणाला.

"बरे आहातच. मी तेच सांगतेय त्यांना."

तो मुलीच्या चपलेचा बंद सोडत बसला. दुसरी चप्पल हातात घेऊन म्हणाला, "तू येशील?"

"माझं टेबल आहे इथे. माझ्या हाताखाली बायका आहेत. मी कापलं की तीनशे माणसांच्या अंगाला बसतं." ती चिडून बोलत नव्हती. "कुठे येऊ? माळ्यावर?"

त्याने भाजीची पिशवी पुढे ओढली आणि निवडायला घेतली.  दुसऱ्या दिवशी तो माझ्याबरोबर निघाला, दोन दिवसांसाठी म्हणून, एक छोटी पिशवी घेऊन. मुलगी दारातून हात हलवत होती.  

वर्कशॉपमध्ये पोचलो तर दादा दारातच होता. आलास का, एवढंही म्हणाला नाही. आत कोपऱ्यात कापडाखाली काहीतरी लांबलचक उभं होतं. दादाने कापड ओढलं. सायीच्या रंगाची गाडी, पुढून लांब, मागे उतरत उतरत निमुळती होत गेलेली, एका बाजूने पार दबलेली. हिरवीची बातमी ऐकून कुणीतरी आणून सोडली होती.

"मी कुणाला हात लावू दिला नाही," दादा म्हणाला. म्हणता म्हणता त्याने कापडाची उगाच घडी घातली, आणि मला त्याचा राग येईना.

ट्यूबने पिशवी माझ्या मशीनवर ठेवली. गाडीच्या मागच्या बाजूला गेला, जिथे ती निमुळती होते तिथे, आणि उकिडवा बसला. खिशात फडकं नव्हतं, म्हणून त्याने शर्टाची बाही ओढून हाताखाली घेतली.

पिशवीतला त्याचा फोन वाजायला लागला. त्याने ऐकला नसावा. मी उचलला. तिचा होता. मी म्हटलं, पोचलो. ती म्हणाली, बरं. मग विचारलं, "काय करताहेत?"

मी भिंतीवरून पाहिलं. "बघतोय," मी म्हणालो.

"हं," ती म्हणाली. फोन तिने ठेवला नाही. तिच्याकडून कापणीच्या मशीनची घरघर ऐकू येत होती, माझ्याकडून तिला काय ऐकू येत होतं कोण जाणे.  मी फोन कानाला लावून तसाच उभा राहिलो.